आठ तासांच्या अलीकडे

7 जुलै 2024. जर्मनीच्या बव्हेरियातलं रोथ हे छोटं गाव. आने हाउग ही एक्केचाळीस वर्षांची जर्मन ट्रायथलीट त्या दिवशी 3.8 किलोमीटर पोहली, 180 किलोमीटर सायकल चालवली आणि लगेच पूर्ण मॅरेथॉन धावली. तिने अंतिम रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात 8 तास 2 मिनिटं 38 सेकंद झाले होते. इतक्या कमी वेळात हे अंतर तोवर एकाही महिलेने खुल्या स्पर्धेत पार केलं नव्हतं. आदल्याच वर्षी, याच गावात, स्वित्झर्लंडच्या डॅनिएला रिफने 8:08:21 ची वेळ देऊन जुना विक्रम दहा मिनिटांनी मागे टाकला होता, आणि तिचा तो विक्रम बरीच वर्षं टिकेल असं तेव्हा जाणकार म्हणत होते. तो एक वर्ष टिकला.

आठ तासांचा उंबरठा आता 2 मिनिटं 38 सेकंदांवर आला आहे. एकूण वेळेच्या हिशेबात हा जेमतेम अर्धा टक्का. मॅरेथॉनमधून काढायचा म्हटला तर दर किलोमीटरला पावणेचार सेकंद. कागदावर हे किरकोळ वाटतं. ज्याने बत्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होताना एकदा तरी अनुभवलं आहे, त्याला या पावणेचार सेकंदांची किंमत वेगळी सांगायला नको.

एखाद्या व्यावसायिक ट्रायथलीटमध्ये लांब पल्ल्याचा विक्रम मोडण्याची कुवत आहे, असं आपण कशावरून म्हणायचं, हा या लेखनाचा विषय आहे. बहुतेक वेळा उत्तर सर्वांत वेगवान आकड्यात शोधलं जातं: कुणाचं पोहणं जलद, कुणाची सायकल जलद, प्रयोगशाळेत कुणाची प्राणवायू वापरण्याची क्षमता अधिक. मला ते उत्तर अपुरं वाटतं. आठ तासांच्या शर्यतीत विक्रम करतो तो सर्वांत कमी मंदावणारा. पहिल्या तासात ताजंतवानं असताना जे शरीर करतं, त्यातलं आठव्या तासात किती शिल्लक राहतं, यावर सगळा खेळ आहे. शरीराच्या जोडीला मार्ग, पाणी, वारा, प्रतिस्पर्धी आणि पोट यांचाही वाटा असतो, आणि तोही लहान नाही.

या अंतराचा जन्म हवाईतल्या ओआहू बेटावर झाला. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांच्या पुढाकाराने बेटावरच्या तीन स्वतंत्र शर्यती एका दिवसात गुंफल्या गेल्या: वायकिकीची समुद्रातली पोहण्याची शर्यत, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. 18 फेब्रुवारी 1978 रोजी पंधरा जण निघाले, बारा जण पोचले, आणि गॉर्डन हॅलरने 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत आयर्नमॅन नावाची ही पहिली शर्यत जिंकली. त्यात एकही महिला नव्हती. पुढच्या वर्षी लिन लेमेअर एकटी उतरली आणि 12:55:38 वेळ देऊन सगळ्यांत मिळून पाचवी आली. तिथून हाउगच्या वेळेपर्यंत पंचेचाळीस वर्षांत जवळपास पाच तास कमी झाले.

हे पाच तास सारख्या गतीने मात्र उतरलेले नाहीत. झिंबाब्वेत जन्मलेल्या पॉला न्यूबी-फ्रेझरने 1994 मध्ये रोथला 8:50:53 ची वेळ दिली आणि मग चौदा वर्षं ती वेळ हलली नाही. 2008 मध्ये नेदरलँड्सच्या इव्हॉन फान फ्लेर्केनने रोथलाच 8:45:48 केले. पाठोपाठ तीन वर्षांत ब्रिटनच्या ख्रिसी वेलिंग्टनने ओळीने तीन घाव घातले: 8:31:59, 8:19:13, 8:18:13. मग पुन्हा बारा वर्षांची शांतता. 2022 मध्ये जर्मनीची लॉरा फिलिप हॅम्बुर्गला 8:18:20 वर पोचली, अवघे सात सेकंद मागे. या बारा वर्षांत सायकली बदलल्या, बुटांच्या तळात कार्बनची पट्टी आली, खाण्यापिण्याचं शास्त्र बदललं, तरी 2011 ची ती वेळ तशीच उभी होती. साधनं सुधारली की विक्रम आपोआप मोडतात असं म्हणणाऱ्याने ही बारा वर्षं एकदा नीट पाहावीत.

वेलिंग्टनबद्दल थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण व्यावसायिक खेळाडूच्या कुवतीचा अंदाज बांधण्याच्या आपल्या सवयी तिच्यापुढे फोल ठरतात. ती लहानपणापासून घडवलेली खेळाडू नव्हती. ब्रिटनच्या सरकारी खात्यात ती धोरणविषयक काम करत होती, पुढे विकासकामासाठी नेपाळला गेली आणि तिथे काठमांडूच्या आसपासचे चढ सायकलवर तुडवू लागली. 2007 च्या सुरुवातीला, तिशीच्या तोंडावर, ती व्यावसायिक ट्रायथलीट झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाईतल्या कोनाची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा जिंकली. तिथे तिला ओळखणारे फार थोडे होते. निवृत्तीपर्यंत या अंतराच्या एकूण तेरा शर्यती ती खेळली आणि तेराही जिंकली.

2008 च्या कोनात तिची सायकल पंक्चर झाली. तिने नवी ट्यूब बसवली, पण हवा भरायची गॅसची नळकांडी वाया गेली आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एकेक प्रतिस्पर्धी पुढे जात होती. तेवढ्यात मागून आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या रेबेका कीटने जाता जाता स्वतःकडचं नळकांडं तिला दिलं. वेलिंग्टनने हवा भरली, सगळ्यांना गाठलं आणि शर्यत जिंकली. 2011 मध्ये तर कोनाच्या दोन आठवडे आधी ती सायकलवरून जोरात पडली होती, अंगभर खरचटलं होतं, छातीचा स्नायू दुखावला होता. पोहण्यात ती बरीच मागे पडली आणि मॅरेथॉनमध्ये सगळी कसर काढून पुन्हा जिंकली. माझ्या मते त्या दिवसाची तिची 8:55:08 ही वेळ रोथच्या विक्रमापेक्षा तिची कुवत अधिक सांगते. सगळं मनासारखं घडत असताना किती जलद, हे रोथने दाखवलं. काहीच धड नसतानाही घसरण किती थोडी, हे कोनाने.

विक्रम रोथला होतात आणि कोनाला होत नाहीत, याचं कारण उघड आहे. कोनाला पोहणं समुद्रात, वेटसूटविना, लाटांवर वरखाली होत. सायकलचा रस्ता काळ्या लाव्हाच्या पठारावरून जातो, हावी गावाकडे चढताना आडवा वारा चाक हलवतो, आणि मॅरेथॉन भर दुपारी दमट उष्म्यात असते. तिथला महिलांचा विक्रम 2023 मध्ये ब्रिटनच्या लूसी चार्ल्स-बार्कलेने केला, 8:24:31. हाउगच्या रोथच्या वेळेहून तो बावीस मिनिटांनी मंद आहे आणि तरीही तितकाच मोठा आहे. या दोन वेळा एकाच यादीत वरखाली लावणं मला पटत नाही.

रोथला पोहणं माइन-डॅन्यूब कालव्यात होतं. शर्यतीच्या दिवशी कालव्यातली जहाजं थांबवतात. पाणी गोडं, संथ, ना लाट ना ओढ. दोन्ही बाजूंना सरळ काठ, त्यामुळे मान वर काढून दिशा शोधावी लागत नाही. पाणी थंड असल्याने बहुधा वेटसूट चालतो, आणि वेटसूट शरीर वर उचलून धरतो. याचा फायदा कसलेल्या पोहणाऱ्यापेक्षा कच्च्या पोहणाऱ्याला जास्त होतो. हाउगची सगळी कारकीर्द पोहण्यात मागे पडून पळण्यात भरून काढण्याची आहे. तिच्यासारखीला हा कालवा समुद्रातली दोन-तीन मिनिटं सुरुवातीलाच परत देतो. पुढे सायकलचे दोन फेरे गुळगुळीत डांबरी रस्त्यांवरून होतात. त्यात हिल्पोल्टश्टाइनजवळचा सोलारर बेर्ग हा चढ येतो. तिथे लोक इतके दाटतात की सायकलस्वाराला जेमतेम एका चाकापुरती वाट उरते, आणि ती वाट तो पुढे सरकेल तशी उघडत जाते. ज्यांनी तो चढ सायकलवर अनुभवला आहे ते सांगतात की तिथे पाय आपोआप जास्त जोर लावतात. व्यावसायिक खेळाडूने तिथेच हात आवरायचा असतो. चढावर उधळलेली ताकद मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला लागणार असते.

विक्रमाची चर्चा करताना काही वेळा बाजूला ठेवायला हव्यात. नोव्हेंबर 2021 मध्ये नॉर्वेच्या क्रिस्टियान ब्लुमेनफेल्टने मेक्सिकोतल्या कोझुमेलला 7:21:12 केले. टोकियोचं ऑलिंपिक सुवर्ण त्याच वर्षी जिंकलेल्या या खेळाडूची ही पहिलीच पूर्ण अंतराची शर्यत होती, त्याच्या ताकदीबद्दल शंकाच नाही. पण तिथलं पोहणं समुद्राच्या प्रवाहासोबत होतं आणि तो चाळीस मिनिटांच्या आत पाण्याबाहेर आला होता. प्रवाहाविना हेच अंतर पोहायला उत्तम पुरुष खेळाडूंनाही सात-आठ मिनिटं जास्त लागतात. जून 2022 मध्ये जर्मनीतल्या लाउझित्झरिंग या मोटारींच्या धावपट्टीवर त्याच ब्लुमेनफेल्टने 6:44:25 केले, तर ब्रिटनच्या कॅट मॅथ्यूजने 7:31:54 आणि स्वित्झर्लंडच्या निकोला श्पिरिगने 7:34:19. म्हणजे आठ तासांची भिंत दोन महिलांनी तेव्हाच ओलांडली, तीही अर्ध्या तासाच्या फरकाने. मात्र प्रत्येकापुढे दहापर्यंत पेसर होते आणि सायकलवर त्यांच्या आडोशाने वारा कापला जात होता. तो प्रयोग मी मनापासून पाहिला आणि त्याचं मोल मानते. वाऱ्याचा अडथळा दूर झाला तर याच स्नायूंतून काय निघू शकतं, ते त्याने दाखवलं. त्या वेळा मात्र स्पर्धेच्या तक्त्यात बसत नाहीत.

या अंतराच्या विक्रमांवर अधिकृत शिक्का मारणारी ॲथलेटिक्ससारखी व्यवस्था नाही. मार्ग एकसारखे मोजलेले नसतात. रस्त्याचं काम निघालं की सायकलचा फेरा थोडा इकडे-तिकडे होतो. म्हणून ‘विक्रम’ म्हणताना आपण सर्वोत्तम वेळ म्हणत असतो, आणि ती कुठे, कशा पाण्यात, कशा वाऱ्यात झाली हे तिच्यासोबत सांगणं भाग आहे.

आता सायकलकडे येऊ, कारण शर्यतीचा निम्म्याहून अधिक वेळ तिथे जातो. ताशी 40 किलोमीटरच्या आसपास सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. ताशी 40.5 किलोमीटरने 180 किलोमीटर काटले तर 4 तास 26 मिनिटं 40 सेकंद लागतात. 41 ने काटले तर 3 मिनिटं 15 सेकंद वाचतात. आठ तासांसाठी हवी आहे त्याहून ही बचत जास्त. पण ताशी अर्ध्या किलोमीटरच्या या वाढीसाठी जवळजवळ पावणेचार टक्के अधिक ताकद लावावी लागते, सलग साडेचार तास, आणि त्यानंतर मॅरेथॉन उभी असते. म्हणून हुशार खेळाडू ताकद वाढवण्याआधी विरोध कमी करतो. खांदे आत, डोकं खाली, कोपर पुढच्या दांड्यांवर जवळजवळ, अंगाला चिकटलेला सूट, पाण्याची बाटली छातीपुढे वाऱ्याआड. वाऱ्याच्या बोगद्यात तासन्‌तास बसून ही बैठक ठरते. त्यात एक मेख आहे. फार खाली वाकलेली बैठक वारा छान कापते, पण कंबरेतला कोन मिटतो, पोटावर दाब येतो, आणि सायकलवरून उतरल्यावर धावताना मांडीचा सांधा मोकळा व्हायला वेळ लागतो. सगळ्यांत वेगवान बैठक आणि विक्रमासाठी योग्य बैठक या बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी असतात.

हवेचाच दुसरा प्रश्न आडोशाचा. आयर्नमॅन मालिकेत व्यावसायिकांना बराच काळ पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर राखावं लागत असे. ताशी 40 च्या वेगात 12 मीटरवरही थोडा आडोसा मिळतोच, आणि पुढे धावणाऱ्या कॅमेऱ्याच्या मोटारसायकली तो आणखी वाढवतात. अंतर मोजून दिवा लावणारं रेसरेंजर हे न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं उपकरण 2023 पासून काही स्पर्धांत सायकलला बसवलं जातं. माझ्या मते हे अंतर सगळीकडे 20 मीटर असावं. विक्रम त्यामुळे काही मिनिटांनी लांबला तरी चालेल. जो होईल तो एकट्याच्या पायांनी झालेला असेल.

पोटाकडे पूर्वी फारसं कुणी पाहत नसे, आणि गेल्या काही वर्षांतल्या झेपेचं मोठं श्रेय मी त्यालाच देईन. शरीरात साठवलेलं ग्लायकोजन साधारण 400 ते 500 ग्रॅम. या वेगाने ते काही तासांत संपतं. उरलेलं वाटेत खाऊन भरायचं. एकट्या ग्लुकोजचे ताशी 60 ग्रॅमच आतड्यातून रक्तात जाऊ शकतात, कारण त्याला नेणारी वाट भरून जाते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे, हे लक्षात आल्यावर दोन्हींचं मिश्रण सुरू झालं आणि आकडा 90 वर गेला. आज अनेक व्यावसायिक 100 ते 120 ग्रॅमपर्यंत जातात. सायकल आणि धाव मिळून सात तासांत हे पाऊण किलो साखरेच्या आसपास भरतं, आणि तेही अशा वेळी, जेव्हा रक्त पायांकडे आणि त्वचेकडे धावत असतं आणि पोट काही घ्यायला तयार नसतं. ही सवय महिनोन्‌महिने सरावात लावावी लागते. आठवड्याला पंचवीस-तीस तास सराव करणाऱ्या खेळाडूच्या वेळापत्रकात आता पोटाचा सरावही लिहिलेला असतो. तीस वर्षांपूर्वीच्या खेळाडूंची ताकद आजच्यांपेक्षा फार कमी होती असं मला वाटत नाही. ती शेवटपर्यंत पुरवण्याचा मार्ग त्यांना ठाऊक नव्हता.

हाउगने रोथला मॅरेथॉन 2 तास 38 मिनिटं 52 सेकंदांत काढली. दर किलोमीटरला 3 मिनिटं 46 सेकंद, साडेपाच तासांच्या श्रमानंतर. नुसती मॅरेथॉन धावणाऱ्या, चार महिने त्याचीच तयारी केलेल्या कित्येक चांगल्या धावपटूंनाही हा वेग जमत नाही. तिची धाव पाहण्यासारखी आहे: लहानखुरी चण, छोटी झपाझप पावलं, जमिनीला पाय लागतो न लागतो तोच वर. मोठी ढांग थकलेल्या मांड्यांना मोडते; छोटं पाऊल थकव्यातही तुटत नाही. ऑलिंपिक अंतरावरून ती तिशी उलटल्यावर लांब पल्ल्याकडे वळली, 2019 मध्ये कोना जिंकणारी पहिली जर्मन महिला ठरली, आणि तिची सर्वोत्तम वेळ एक्केचाळिसाव्या वर्षी आली. लांब पल्ल्यात वय उशिरा आडवं येतं. वेग लवकर उतरतो, टिकाव धरण्याची ताकद हळूहळू साठत जाते.

याच्या उलट टोकाला चार्ल्स-बार्कले. ती मुळात जलतरणपटू. 2012 च्या लंडन ऑलिंपिकसाठी खुल्या पाण्यातल्या शर्यतीत निवड व्हावी म्हणून तिने प्रयत्न केले होते. पाण्यातून ती बहुतेक वेळा सर्वांत आधी बाहेर येते आणि मग दिवसभर पुढून पळते. 2023 च्या कोनात या दोघी समोरासमोर होत्या. चार्ल्स-बार्कलेने पहिल्या मिनिटापासून आघाडी धरली; हाउग तेव्हाची तिथली सर्वांत जलद मॅरेथॉन धावली, 2:48:23, आणि तरी तीन मिनिटांनी दुसरी आली. पाण्यात सुटलेला वेळ पळून भरत नाही, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. नऊ महिन्यांनी रोथच्या कालव्यात तोच प्रश्न वेगळ्या पाण्यात विचारला गेला आणि उत्तर बदललं. खेळाडू तीच होती. म्हणून कुवत ही एकट्या शरीरात ठेवलेली वस्तू आहे असं मी मानत नाही. ती शरीर आणि मार्ग यांच्या भेटीत दिसते.

शरीर कधी मंदावेल याचा नेम मात्र मोठमोठ्यांनाही लागत नाही. 2018 च्या कोनात शर्यत सुरू होण्याआधी पाण्यातच डॅनिएला रिफला जेलीफिश डसले. ती नऊ मिनिटांहून अधिक मागे पडून पाण्याबाहेर आली, सायकलवर सगळ्यांना गाठलं आणि 8:26:18 चा तिथला विक्रम करून जिंकली. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथेच अमेरिकेची टेलर निब पुढे होती, मॅरेथॉन संपत आली होती, आणि उष्म्याने तिला रस्त्यावर बसवलं. ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. चार्ल्स-बार्कलेही त्या दिवशी मध्येच थांबली. जिंकली नॉर्वेची सोलवाइ लोव्हसेथ. दिवसाच्या पहिल्या सात तासांत तिच्यावर फारशा नजरा नव्हत्या.

विक्रमासाठी प्रयत्नही मोजकेच मिळतात. पूर्ण अंतराच्या शर्यती शरीर वर्षाला तीन-चारच सोसतं. त्यातली एक जागतिक स्पर्धेला जाते आणि तिथे विक्रमाला पोषक हवा नसते. राहिलेल्या दोन-तीनपैकी एखादीत पाऊस येतो, वारा फिरतो, टायर फुटतं. विक्रमानंतर अडीच महिन्यांनी नीसच्या जागतिक स्पर्धेत हाउगचं टायर पंक्चर झालं आणि तिला शर्यत सोडावी लागली. शिवाय व्यावसायिक खेळाडूचं पोट बक्षिसांवर आणि प्रायोजकांवर चालतं. 100 किलोमीटरच्या छोट्या शर्यतींची श्रीमंत मालिका आता अनेक उत्तम खेळाडूंना तिकडे ओढते आणि त्यांची तयारी त्या अंतराची होते. त्यांना दोष देता येत नाही. पण विक्रम का लांबतात याच्या कारणांत हे कारणही धरायला हवं.

आपल्याकडे या खेळाची ओळख वेगळ्या दाराने झाली. मिलिंद सोमणने 2015 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिचला आयर्नमॅन पूर्ण केली आणि वर्तमानपत्रांत हे नाव घरोघरी गेलं. 2019 पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची शर्यत भरू लागली. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर यांच्यासारखे अनुभवी खेळाडू-प्रशिक्षक इतरांना तयार करू लागले. कोल्हापूर, नाशिक, पुण्यातले डॉक्टर, पोलीस, उद्योजक पहाटे चारला उठून सायकली बाहेर काढतात. त्यांच्यापुढे बहुतेक स्पर्धांत 17 तासांची मुदत असते आणि ती गाठणं हीच मोठी गोष्ट असते. मला या वाचकांबद्दल विशेष आस्था आहे. सतराव्या तासात रेषा ओलांडणाऱ्यालाही तेच पाणी, तोच वारा आणि तोच पोटाचा प्रश्न भेटलेला असतो. हाउगने अंतिम रेषा ओलांडली तेव्हा तिच्या मांड्यांत काय चाललं असेल, याची थोडी तरी कल्पना त्याला असते.

आठ तासांचा उंबरठा कोण ओलांडेल? माझा होरा एका नावावर नाही, एका परिस्थितीवर आहे. 1 जून 2025 रोजी हॅम्बुर्गला लॉरा फिलिप आणि कॅट मॅथ्यूज एकत्र उतरल्या. मॅथ्यूज ही पूर्वी ब्रिटिश सैन्यात फिजिओथेरपिस्ट होती. सप्टेंबर 2022 मध्ये टेक्ससमध्ये सराव करताना मोटारीशी टक्कर होऊन तिची कवटी फुटली होती आणि ती पुन्हा खेळेल का, हाच प्रश्न होता. त्या दिवशी या दोघींनी एकमेकींना सोडलं नाही. फिलिप 8:03:13 ला पहिली आली, हाउगच्या वेळेपेक्षा 35 सेकंद मागे. मॅथ्यूज दुसरी आली, तीही रिफच्या 2023 च्या विक्रमापेक्षा लवकर. एकाच शर्यतीत दोघी जणी, एका वर्षापूर्वीपर्यंत खुल्या स्पर्धेत एकाही महिलेने न दिलेल्या वेळेत.

याला आयर्नमॅनच्या 2024 पासून सुरू झालेल्या व्यावसायिक मालिकेचा नियमही कारणीभूत आहे. तिथे विजेत्याच्या मागे राहिलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण कापला जातो. पूर्वी पहिली जागा पक्की झाली की शेवटचे दोन किलोमीटर हात हलवत, लोकांना टाळ्या देत जाता येत असे; दुसरीला तिसरीची भीती नसेल तर तीही सैल पडे. आता मागची प्रत्येक जण रेषेपर्यंत जीव तोडून धावते, आणि पुढचीलाही आपल्या आघाडीचे सेकंद वाढवायचे असतात. वेलिंग्टनची 2011 ची शर्यत आठवली की हा फरक जाणवतो. रोथला तिच्या आसपास कुणी नव्हतं, ती घड्याळाशी एकटी झुंजत होती.

म्हणून माझं लक्ष रोथ किंवा हॅम्बुर्गच्या अशा एखाद्या सकाळकडे आहे, जेव्हा पाणी वेटसूटपुरतं थंड असेल, वारा पडलेला असेल, आणि सुरुवातीच्या रांगेत हाउगसारखी धावणारी, फिलिपसारखी सायकल मारणारी आणि चार्ल्स-बार्कलेसारखी पोहणारी एकाच वेळी उभी असेल. पोहणारी पहिल्या तासात इतरांना दोन मिनिटं आधी पाण्याबाहेर यायला भाग पाडेल, सायकलवाली दुसऱ्या फेऱ्यातही वेग उतरू देणार नाही, आणि धावणारी मागून येते आहे हे दोघींनाही ठाऊक असेल. त्या तिघींपैकी कुणीही पस्तिसाव्या किलोमीटरला 3 मिनिटं 45 सेकंदांचा वेग धरून असेल, तर 2 मिनिटं 38 सेकंद निघतील.